उजेडाचा हिशेब: बल्ब घेण्याआधी एवढं बघा

जून लागला की आमच्या बेळगावकडच्या दुकानात एकच मागणी वेगवेगळ्या तोंडून येते. ‘मामा, एक जोराचा बलब द्या की.’ जोराचा म्हणजे केवढा, हे मागणाऱ्याला ठाऊक नसतं. खरं सांगायचं तर देणाऱ्यालाही पुष्कळदा नसतं. हाताला लागेल तो खोका काढायचा, होल्डरला लावून एकदा पेटवून दाखवायचा, पैसे घ्यायचे. मीही बरीच वर्षं असंच विकलं.

डोळे उघडले ते जांबोटीकडच्या एका आजींमुळं. त्यांनी नऊ वॅटचा एलईडी नेला आणि चार दिवसांनी परत आणला. ‘ह्येच्यात दमच न्हाई बाळा. पयल्या साठच्या बलबाला लई उजेड हुता.’ दुकानात लावून दाखवला तर लख्ख. आजी बघत राहिल्या, पण पटलं काही नाही. पुढं त्याच गावात दुसऱ्या कामाला गेलो तेव्हा त्यांच्या घरात डोकावलो. कौलारू घर, आढं चौदा फुटांवर, चुलीच्या धुरानं वासे आणि कौलं आतून काळीकुट्ट, भिंती सारवलेल्या. बल्ब वर तुळईला चिकटलेला आणि आजी खाली सुपात तांदूळ घेऊन बसलेल्या. बल्ब आणि तांदूळ यांच्यात दहा-अकरा फूट अंधार. मी नवी वायर जोडून तोच बल्ब सात फुटांपर्यंत खाली आणला, वरून पांढरी टोपी लावली. आजींनी सूप पाखडलं आणि म्हणाल्या, ‘आता गावला बघ खडा.’

बल्ब तोच, वीज तेवढीच. म्हणून पहिल्यांदा घर लावणाऱ्यांना, भाड्याची खोली बदलणाऱ्यांना, गावाकडच्या घरात नवी वायरिंग करून घेणाऱ्यांना मी आता आधी विचारतो: उजेड कशावर पडायला हवाय? ते ठरलं की बाकीचा हिशेब सोपा आहे.

पहिली पायरी: वॅट बाजूला ठेवा, ल्युमेन विचारा

वॅट म्हणजे बल्ब किती वीज खातो. ल्युमेन म्हणजे तो किती उजेड बाहेर टाकतो. बैलाची वैरण मोजून तो किती नांगरेल ते कळत नाही, तसंच हे. तारेच्या बल्बच्या काळात सगळे बैल एकाच जातीचे होते. चाळीस म्हणजे एवढा उजेड, साठ म्हणजे तेवढा, शंभर म्हणजे लग्नाच्या मांडवाला. त्यामुळं वॅटवर भागायचं. एलईडी आल्यावर ते मोडलं, पण आपल्या तोंडातला वॅट काही गेला नाही.

अंदाजासाठी हे आकडे लक्षात ठेवा. एका मेणबत्तीचा उजेड साधारण बारा-तेरा ल्युमेन. जुना ४० वॅटचा बल्ब चारशेच्या आसपास, ६० वॅटचा सातशे, १०० वॅटचा साडेतेराशे. चांगला एलईडी वॅटमागं शंभर ल्युमेनच्या आसपास देतो, म्हणजे ९ वॅटचा साधारण ९०० आणि १२ वॅटचा १२००. आजींचा नऊचा बल्ब त्यांच्या जुन्या साठाला खरं तर मागं टाकत होता. चार फुटी जुनी ट्यूब अडीच हजारांच्या घरात उजेड द्यायची, पण तिच्या ४० वॅटवर तांब्याचा चोक आणखी दहा-पंधरा वॅट खायचा. आताची २० वॅटची एलईडी पट्टी दोन हजार ल्युमेन देते. आकडा कमी दिसला तरी कामाला ती तेवढीच पडते, कारण ट्यूब निम्मा उजेड छताकडं फेकायची आणि पट्टी जवळजवळ सगळा खाली टाकते.

झिरोच्या बल्बची गंमत सांगायलाच हवी. घरोघरी देवापुढं किंवा बोळात तो रात्रभर चालू असायचा, ‘झिरो म्हंजे बिल न्हाई’ म्हणून. त्या झिरोच्या तारेच्या बल्बला बारा-पंधरा वॅट लागायचे. जुन्या चकतीच्या मीटरला एवढा बारीक भार धड कळायचा नाही, त्यावरून झिरो नाव पडलं असं जुने वायरमन सांगायचे. आताचा मीटर सगळं टिपतो. तुमच्याकडं तसला लाल-हिरवा बल्ब अजून जळत असेल तर तो नऊच्या एलईडीपेक्षा जास्त खातो आणि उजेड नावापुरता देतो. अर्ध्या वॅटचा एलईडी आणा आणि त्याला निवृत्त करा.

‘नऊचा बल्ब’ हे माप आपल्याकडं पक्कं झालं ते सरकारी बल्बांमुळं. २०१५ साली केंद्राची उजाला योजना सुरू झाली. कर्नाटकात तिचं नाव ‘होस बेळकु’, म्हणजे नवा उजेड. तेव्हापासून सोप्यात (पुढच्या बसायच्या खोलीत) नऊ, न्हाणीत नऊ, गोठ्यात नऊ. न्हाणीला एवढा लागत नाही आणि सोप्याला तेवढा पुरत नाही, हे कुणी बघत नाही.

दुसरी पायरी: खोली मोजा

टेप घ्या, लांबी-रुंदी फुटांत मोजा, गुणाकार करा. राहत्या खोलीला चौरस फुटाला २० ल्युमेन हा माझा ठोकताळा. दहा बाय बारा म्हणजे १२० चौरस फूट, गुणिले २०, म्हणजे २४०० ल्युमेन. दोन हजाराची एक पट्टी आणि कोपऱ्यात पाच वॅटचा एक बल्ब, झालं. झोपायच्या खोलीला १० ते १५ पुरे. स्वयंपाकघराला ३०. जिना, बोळ, न्हाणी यांना ८-१० खूप झाले.

हा ठोकताळा पांढऱ्या भिंती, पांढरं छत आणि दहा फूट उंचीसाठी आहे. बेळगावच्या अनगोळ-टिळकवाडीतल्या नव्या फ्लॅटला तो चालतो. पांढरी भिंत अंगावर पडलेल्या उजेडातला तीन चतुर्थांशाहून जास्त परत फेकते. सारवलेली भिंत, उघडा दगड किंवा धुरकटलेली कौलं तो गिळून टाकतात. तसं घर असेल तर आकडा दीडपट-दुप्पट धरा. नाहीतर बल्बवर खर्च करण्याआधी चुन्याचा एक हात द्या, तो स्वस्त पडतो.

घरात साठी ओलांडलेली माणसं असतील तर आणखी एक गोष्ट. वय वाढतं तशी डोळ्याची बाहुली लहान राहते आणि आतलं भिंग पिवळसर होतं. विशीतल्या पोराच्या पडद्यापर्यंत जेवढा उजेड पोचतो त्याच्या साधारण तिसरा हिस्साच साठीतल्या माणसापर्यंत पोचतो. ‘बाबा उगाच कुरकुर करतात, दिसतंय की सगळं’ असं म्हणणाऱ्या पोरांनी हे लक्षात ठेवावं. बाबांच्या खुर्चीपाशी वेगळा दिवा लागतो.

उलट, सगळं एकाच बल्बावर ढकलायलाही जाऊ नका. नऊशेचा काढून अठराशेचा लावला तर डोळ्याला दुप्पट वाटत नाही. जरा वाढला एवढंच वाटतं, आणि डोळ्यांपुढं तिरीप मात्र येते. तेच नऊशे-नऊशेचे दोन बल्ब दोन ठिकाणी लावले तर खोली भरल्यासारखी दिसते, सावल्या पातळ होतात आणि एक बंद ठेवायची सोय राहते.

तिसरी पायरी: उजेड कामाजवळ आणा

उघड्या बल्बचं एक साधं गणित आहे. अंतर दुप्पट झालं की थेट पडणारा उजेड चौथा हिस्सा होतो. बल्ब पुस्तकापासून दहा फुटांवर असेल आणि तो पाच फुटांवर आणलात तर त्याच बल्बचा उजेड चौपट होतो. चौपट वॅट घेण्यापेक्षा पाच फूट वायर स्वस्त. आजींच्या घरात मी एवढंच केलं होतं.

आपल्याकडं कामं जमिनीवर बसून होतात हे शहरातले डिझायनर विसरतात. निपाणीकडं विड्या वळणाऱ्या बायका मांडीवर सूप घेऊन बसतात. गावाकडं पोरं चटईवर पालथी पडून गृहपाठ करतात. भाजी चिरायची विळीही जमिनीवरच. छतावरचा बल्ब या सगळ्यांपासून खुर्चीवरच्या माणसापेक्षा दोन-अडीच फूट लांब राहतो. तेव्हा जिथं रोज बसणं होतं तिथं भिंतीला पाच-सहा फुटांवर एक होल्डर घ्या. उजव्या हातानं काम करणाऱ्याला दिवा डाव्या खांद्याकडून यावा, नाहीतर स्वतःच्या हाताची सावली कामावर पडते. डावखुऱ्याला उलट. आणि नागडा बल्ब डोळ्यांच्या रेषेत नको. टोपी लावा किंवा दुधी काचेचा घ्या.

फोनवर लक्स मोजायचं ॲप मिळतं. लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर किती ल्युमेन पडले. ॲपचा आकडा अगदी नेमका नसतो, पण या कोपऱ्यात किती आणि त्या कोपऱ्यात किती, ही तुलना बरी होते. वाचायच्या जागेला ३०० लक्स मिळाले तर चांगलं, बसाय-उठायच्या जागेला शंभर चालतात. आमच्या जुन्या घरात मी मोजलं तेव्हा माझ्या मुलीच्या वहीवर चाळीस निघाले होते. ती तक्रार करत नव्हती, एवढंच.

चौथी पायरी: उजेडाचा रंग

खोक्यावर केल्विन म्हणून आकडा असतो. २७०० म्हणजे पिवळसर, जुन्या बल्बसारखा. ४००० म्हणजे साधा पांढरा. ६५०० म्हणजे निळसर पांढरा, ज्याला गिऱ्हाईक ‘दुधासारखा’ म्हणतं. आकडा वाढला म्हणजे उजेड वाढला असं मुळीच नाही, फक्त रंग बदलतो. तरी दहातली आठ माणसं ६५०० मागतात. पांढरा म्हणजे नवा, पिवळा म्हणजे जुना, असं मनात बसलंय. माझं मत विचाराल तर ६५०० हा दुकानाचा आणि दवाखान्याचा रंग. निजायच्या खोलीत आणि देवघरात २७०० ते ३०००, स्वयंपाकघर आणि अभ्यासाला ४०००, आणि एका खोलीत एकच रंग. एकीकडं पिवळा आणि दुसरीकडं निळसर लावला की भिंतच डागाळल्यासारखी दिसते.

अंगणातल्या दिव्याला मात्र पिवळाच घ्या. पहिल्या पावसात वाळवीची पंखवाली पाखरं निळसर दिव्यावर झुंबडतात, सकाळी उंबऱ्यावर पंखांचा खच पडतो. पिवळ्याकडं ती तुलनेनं कमी येतात. खानापूरकडच्या, जंगलाजवळच्या गावांत हा फरक दोन संध्याकाळींत कळतो.

आता रंगाचीच दुसरी बाजू, जी खोक्यावर सीआरआय या नावानं बारीक अक्षरात असते आणि जी कुणीच वाचत नाही. वस्तूचे रंग दिव्याखाली किती खरे दिसतात त्याचा तो गुण. सूर्यप्रकाश आणि जुना तारेचा बल्ब यांना शंभर धरतात. घरात ८० च्या खाली घेऊ नका, ९० मिळाला तर उत्तम.

हे मला शिकवलं साडीनं. माझ्या बहिणीच्या लग्नात चिंतामणी रंगाच्या साडीवर ब्लाऊजपीस घ्यायचं होतं. रात्री आठला, निळसर दिव्यांच्या झगमगाटात आम्ही चौघांनी तुकडा साडीवर ठेवून बघितला, तंतोतंत जुळला. सकाळी पडवीत उघडलं तर साडी चिंतामणी आणि तुकडा सरळ मोरपंखी. आईनं माझ्याकडं असं बघितलं जणू दिवा मीच लावला होता. दोन वेगळे रंग एखाद्या दिव्याखाली एकसारखे दिसू शकतात, कारण तो दिवा काही रंग टाकतच नाही. वडगाव-शहापूरच्या विणकर घरांतली जाणती माणसं म्हणूनच सूत दारात नेऊन, दिवसाच्या उजेडात निरखतात.

एलईडीत असं का होतं? पांढरा एलईडी मुळात पांढरा नसतोच. आत निळा उजेड देणारी चिप असते, तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा, म्हणजे निळा उजेड पिऊन पिवळा देणाऱ्या पुडीचा थर असतो आणि निळं-पिवळं मिळून डोळ्याला पांढरं वाटतं. तो निळा एलईडी जमवायलाच शास्त्रज्ञांचा घाम निघाला होता. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना त्यासाठी २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. या मिश्रणात लाल रंग तोकडा पडतो. स्वस्तातल्या बल्बात तर फारच. म्हणून तसल्या दिव्याखाली टोमॅटो मळकट, माणसं आजारी आणि आपला बेळगावी कुंदा राखेसारखा दिसतो. पाहुण्यांपुढं ताट वाढून ठेवलंय आणि त्यातला कुंदा असा दिसतोय, यापरता अपमान नाही.

दुकानातच परीक्षा करायची असेल तर पेटलेल्या बल्बखाली स्वतःचा तळहात धरा. लालसर जिवंत दिसला तर ठीक, करडा-हिरवट दिसला तर दुसरा मागा.

पाचवी पायरी: खोलीनुसार

स्वयंपाकघरात सगळ्यात जास्त चूक होते. ट्यूब खोलीच्या मध्यभागी किंवा मागच्या भिंतीवर असते आणि ओट्यापाशी उभी असलेली बाई ट्यूबकडं पाठ करून उभी. तिच्या डोक्याची सावली नेमकी सुरीवर. कितीही वॅट वाढवा, सावली आणखी ठळक होईल. ओट्याच्या वर फडताळ असेल तर त्याच्या खालच्या बाजूला, पुढच्या कडेला एक फूट-दोन फुटी पट्टी लावा, ४००० केल्विन, पाचशे-आठशे ल्युमेन. शेगडीच्या बरोबर वर नको, वाफेनं आणि तेलानं ती चिकटते. चूल असेल तर महिन्यातून एकदा बल्ब बंद करून, गार झाल्यावर कोरड्या फडक्यानं पुसा. काजळीचा थर उजेड खातो, आणि आपण ‘बल्ब जुना झाला’ म्हणतो.

सोप्यात एक पट्टी आणि एक पिवळा भिंतदिवा, वेगवेगळ्या बटणांवर. बातम्या बघताना पट्टी बंद करता येते.

देवघरात समई असतेच. तिच्यावर पांढरा झोत मारून ती मारू नका. दोन-तीन वॅटचा पिवळा पुरे.

न्हाणीत ओल असते, तिथं बंद काचेच्या आतला दिवा लागतो. पण बंद गोळ्यात जास्त वॅटचा एलईडी कोंडला की तो लवकर मरतो. एलईडीत चिप सहसा जात नाही, तिच्या मागचं ड्रायव्हर सर्किट, म्हणजे चिपला हवी तशी वीज करून देणारा भाग, उष्णतेनं भाजतं. बंद गोळ्यात पाच-सात वॅटच्या वर जाऊ नका. जिन्याला मात्र वर-खाली दोन्हीकडं बटण घ्या, वायरिंग करतानाच सांगा. नंतर भिंत फोडायला मी येतो, पण पैसे घेतो.

गोठ्यात आणि परसात बल्बपेक्षा होल्डर महत्त्वाचा. पावसाचं पाणी शिरणार नाही असा बंदिस्त घ्या आणि वायर जनावरांच्या तोंडाला पोचणार नाही एवढी वर ठेवा.

सहावी पायरी: खोका वाचा

चार गोष्टी बघा: ल्युमेन, केल्विन, सीआरआय आणि व्होल्टेजची मर्यादा. ल्युमेनला वॅटनं भागा. ९० च्या वर आलं तर बरं, ७०-८० आलं तर ठेवून द्या. आयएसआयच्या धर्तीचा भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक ‘आर’ अक्षरानं सुरू होतो, तो आणि त्यासोबत १६१०२ हा मानक क्रमांक छापलेला असावा. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारेही बघा.

आठवडी बाजारात ढिगानं मिळणाऱ्या बल्बांवर बहुधा फक्त वॅट लिहिलेला असतो आणि तोही खोटा. मी एकदा असा ‘बारा वॅट’ मीटरवर लावून बघितला, साडेपाच निघाला. स्वस्त म्हणून सहा घ्यायचे आणि दिवाळीपर्यंत चार फेकायचे, यात बचत कुठं आली?

खोक्यावर ‘२५,००० तास’ असं असतं. त्याचा अर्थ तेवढ्या तासांनी बल्ब जाईल असा बहुधा नसतो. तोवर त्याचा उजेड मुळाच्या सत्तर टक्क्यांवर येईल, असा असतो. म्हणजे तो हळूहळू मंद होत जातो आणि आपल्याला कळत नाही. नवा शेजारी लावला की कळतं.

होल्डर बघून घ्या. आपल्याकडं दोन खिळ्यांचा, दाबून फिरवायचा जास्त चालतो. आटेवाला झुंबरात आणि परदेशी धाटणीच्या दिव्यांत येतो. रोज एक तरी गिऱ्हाईक चुकीचा नेतं.

सातवी पायरी: आपल्याकडची लाईट

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, सगळीकडं वीज येते ती हुबळीच्या हेस्कॉम या वीज कंपनीची. पुरवठा २३० व्होल्टचा म्हणायचा, पण शेतातले पंप एकदम सुरू झाले की गावाच्या टोकाला तो खाली बसतो. तारेच्या बल्बला हे फार भोवायचं. व्होल्टेज दहा टक्के उतरलं की उजेड तीस टक्के उतरायचा, आणि १८० व्होल्टला निम्म्याहून कमी. निखाऱ्यासारखा लाल बल्ब आठवत असेल तुम्हाला. चांगल्या ड्रायव्हरचा एलईडी इतक्या उतारातही तेवढाच उजेड देतो. खोक्यावर १०० ते ३०० व्होल्ट अशी रुंद मर्यादा असेल तो गावासाठी घ्या. फक्त २२०-२४० लिहिलेला बेळगाव शहरातल्या घराला ठीक.

खरा घात होतो तो गेलेली लाईट परत येते तेव्हा. कणकुंबी-जांबोटीच्या पावसात झाडं तारांवर पडतात, लाईट दिवसात चार वेळा जाते आणि येताना झटका घेऊन येते. असा झटका, म्हणजे सर्ज, बल्ब किती किलोव्होल्टपर्यंत सोसतो ते खोक्यावर असतं. अडीचपेक्षा चार चांगला. मेनपाशी सर्ज थोपवणारं यंत्र बसवलं तर टीव्ही-फ्रीजही वाचतात.

आतच बॅटरी असलेला इमर्जन्सी बल्ब आमच्याकडं पावसाळ्यात सगळ्यात जास्त खपतो. एक तरी घ्या, स्वयंपाकघरात लावा. मात्र त्याचं बटण चालू असेल आणि लाईट असेल तेव्हाच तो चार्ज होतो. दिवसा बटण बंद ठेवणाऱ्यांचा बल्ब रात्री विझतो आणि मग शिव्या मला. बॅटरीवर त्याचा उजेड कमी पडतो, हा बिघाड नव्हे, बॅटरी पुरावी म्हणून तशीच रचना असते.

आता बिल. बरंचसं कन्नडात येतं, त्यामुळं आपली पुष्कळ मंडळी फक्त खालचा आकडा बघतात. निदान आर. आर. नंबर, म्हणजे तुमच्या जोडणीचा क्रमांक, आणि युनिटं कुठं लिहिलीत ते एकदा शेजाऱ्याकडून समजून घ्या, कुठल्याही तक्रारीला तोच नंबर लागतो. २०२३ च्या जुलैपासून कर्नाटक सरकारची गृहज्योती योजना आहे: २०२२-२३ सालचा तुमचा सरासरी वापर आणि वर दहा टक्के, एवढी युनिटं माफ. सरासरी ४८ च्या खाली असणाऱ्यांना पुढं दहा टक्क्यांऐवजी दहा युनिटं वाढवून दिली. त्यावर गेलात तर वरच्या युनिटांचे पैसे आणि २०० ओलांडलीत तर सगळं बिल तुमचं. ‘दोनशेपर्यंत सगळ्यांना फुकट’ असं समजून पिवळे बल्ब जाळणारे इथं फसतात. ज्याची माफी ५० युनिटांची आहे त्यानं ६० वॅटचे तीन बल्ब रोज पाच तास लावले तर महिन्याला २७ युनिटं त्यातच गेली. नऊचे तीन लावले तर चार.

आठवी पायरी: नवा बल्ब रुसला तर

बटण बंद करूनही एलईडी अंधुक चमकत राहतो, ही तक्रार आठवड्याला येते. लोक भुताटकीपर्यंत जातात. बटणात छोटा लाल दिवा असेल तर त्यातून झिरपणारा बारीक करंट एलईडीला पुरतो. तसा दिवा नसेल तर बहुधा बटण फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेलं असतं. हे धोक्याचं आहे, कारण बटण बंद असताना होल्डरमध्ये करंट जिवंत राहतो. बल्ब बदलून काही होणार नाही, वायरमनला बोलवा.

लुकलुकत असेल तर आधी होल्डर बघा, मेन बंद करून. खिळे सैल झालेले असतात, आतला भाग काळा झालेला असतो. पंचवीस रुपयांचा होल्डर बदलला की निम्म्या तक्रारी मिटतात. डोळ्यांना न दिसणारी थरथर तपासायची तर फोनचा कॅमेरा स्लो मोशनवर ठेवून बल्बकडं धरा. उजेड धडधडताना दिसला तर तो बल्ब अभ्यासाच्या टेबलावर नको, काहींचं त्यानं डोकं दुखतं.

जुने वळशांचे सीएफएल फुटू देऊ नका, आत थोडा पारा असतो. फुटलाच तर खिडक्या उघडा, पोरांना बाहेर काढा, तुकडे जाड कागदानं गोळा करा, केरसुणी फिरवू नका.

आणि नवा बल्ब होल्डरला लावायच्या आधी त्याच्या पांढऱ्या बुडाशी मार्कर पेननं तारीख लिहा, बिल खोक्यात घालून खोका माळ्यावर ठेवा. गॅरंटीत गेलेला बल्ब आम्ही बदलून देतो, पण ‘गेल्याच वर्षी घेतला वो मामा’ याला कंपनी मानत नाही. जांबोटीच्या आजी लिहायला शिकलेल्या नाहीत. त्या बल्बच्या बुडाशी कुंकवाचं बोट लावतात आणि बिल देवाच्या फोटोमागं खोचतात. मागच्या पावसाळ्यात एक गेला तेव्हा बिल तिथून बरोबर निघालं.